पंच क्रमांक दोन

पोलीस दारात आला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. तो गेल्यावरही अर्धा तास मी बाथरूममध्येच होतो. माझ्या स्वभावाविषयी यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

"मच्छिंद्र साहेब इथंच राहत्यात का?" असा जाड आवाज आला तेव्हा मी पहिलं काम केलं ते नळ बंद करण्याचं. वाहत्या पाण्याचा आवाज म्हणजे माणूस घरात असल्याचा पुरावा. पण आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे दैवशालेला, असल्या बारकाव्यांशी देणंघेणं नाही. "हायेत की. आंघोळ करून राह्यले," तिनं सांगून टाकलं. मग दारावर थाप पडली. "अहो, पोलीस आलेत!" मी अंगभर साबण लावून भिंतीला चिकटून उभा. "अहो, आयकू येतंय का? हायेत का गेले?" शेवटी त्या हवालदारालाच कीव आली. "राहू द्या ताई," तो म्हणाला, "साक्षीचं समन्स हाये कोर्टाचं. पंच म्हणून सही केल्ती त्यांनी. मी परत येतो."

पंच म्हटल्यावर साबण डोळ्यात गेला आणि मला सगळं आठवलं.

मी जालना जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात आवक-जावक टेबलावर आहे. आलेल्या पत्रावर सही करायची, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पत्र साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवायचं. एकोणतीस वर्षं मी हे करतो आहे. पत्र वाचणं हे साहेबांचं काम, आणि साहेब ते करत नाहीत हा माझा दोष नाही. तर तीन वर्षांपूर्वी साहेबांबरोबर एका गावची पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. माझं नाव नको तिथं एकदा लागलं तेवढं पुरे. आठवडी बाजाराचा दिवस होता. साहेब टाकीवर चढले. खाली कुणीतरी थांबायला हवं म्हणून मी खाली थांबलो, आणि थांबलोच आहे तर भजी घेतली.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली. जमादार उतरून थेट माझ्याकडं आला. "साहेब, दोन प्रतिष्ठित नागरिक पायजेत. तुमी शिकलेले दिसता."

आता बघा, घरात मला 'अहो' म्हणतात, ऑफिसात 'आवक' म्हणतात आणि कॉलनीत 'वरच्या मजल्यावरचे ते' म्हणतात. प्रतिष्ठित नागरिक असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी कॉलर नीट केली. जीपच्या मागच्या भागात विहिरीवरची एक इलेक्ट्रिक मोटार ठेवलेली होती. भज्यांचा कागद मी तिच्यावर टेकवला, आणि जमादारानं समोर धरलेल्या चार पानांवर चार सह्या ठोकल्या. रस्त्यापलीकडं मोटार वाइंडिंगच्या दुकानासमोर एक पोरगेलासा माणूस उभा होता आणि दोन शिपायांनी त्याचे दंड धरले होते. "चोरीची मोटार," जमादार म्हणाला. "अस्सं!" मी म्हणालो. प्रतिष्ठित नागरिक म्हणेल त्या आवाजात म्हणालो. दुसरा प्रतिष्ठित नागरिक रसवंतीवाला होता. तो पंच क्रमांक एक, मी पंच क्रमांक दोन. याचं मात्र मला तेव्हासुद्धा थोडं वाईट वाटलं होतं.

आता भीती अशी होती की त्या चार पानांत काय लिहिलं होतं, याची मला सुतराम कल्पना नव्हती. कोर्टात माहीत नाही म्हणावं, तर मग सही का केली? माहीत आहे म्हणावं, तर काय माहीत आहे? आंघोळ अर्धवट टाकून मी खालच्या मजल्यावर कल्याणरावांकडं गेलो. कल्याणराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. एका अपघाताच्या खटल्यात त्यांनी अकरा वर्षं साक्षीसाठी खेटे घातले, त्यामुळं कॉलनीत कायदा म्हणजे कल्याणराव.

"खोटी साक्ष निघाली तर सात साल," त्यांनी पहिल्याच वाक्यात माझ्या तोंडचं पाणी पळवलं. "आन् खरी दिली तर पोलीस दुश्मन. घाबरायचं काम न्हाई. समन्स हातात घेऊच नका. घेतलंच न्हाई तर ते लागूच व्हत न्हाई. बिलकुल न्हाई. चार दिवस सासरवाडीला जा."

मी त्याच दुपारी कुंभार पिंपळगावची एसटी पकडली. आता जावई सणवार नसताना, बायको बरोबर नसताना, हातात पिशवी घेऊन सासुरवाडीला उतरला, याहून संशयास्पद गोष्ट खेडेगावात दुसरी नाही. सासूबाई द्वारकाबाईंनी दारातच विचारलं, "भांडण झालं का व्हय?" लेकीचं नाव खराब होऊ नये म्हणून मी त्यांना विश्वासात घेऊन खरं सांगितलं. त्यांनी ते गिरणीवर दोन बायकांना विश्वासात घेऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत मला बघायला माणसं येऊ लागली. एक म्हातारबाबा ओसरीवर बराच वेळ माझ्याकडं टक लावून बसले आणि मग हळूच म्हणाले, "पावनं, कुऱ्हाडीनं का कोयत्यानं?" तिसऱ्या दिवशी मी परतीची गाडी धरली.

घरी आलो तर समन्स दारावर डकवलेलं. माझं संपूर्ण नाव, धंदा नोकरी, वय छप्पन्न. कॉलनीत मी बावन्न सांगत आलो होतो. हजर राहायची तारीख आदल्याच दिवशी होऊन गेली होती. "डकवलेलं समन्स लागू व्हतं," कल्याणराव जिन्यातून म्हणाले. "तेवढं सांगायचं माझ्याकडून राह्यलं."

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घास गिळवेना. खाकी रंग दिसला की मी आडोसा शोधायचो. पोस्टमनला बघून मी एकदा नवीन जालन्यात स्टेशन रोडवर रिक्षाच्या आड उभा राहिलो, आणि तो बिचारा मला ओळखीचा नमस्कार करायला रस्ता ओलांडून आला. अकराव्या दिवशी ऑफिसात टपाल आलं. नेहमीप्रमाणे मी सही केली, शिक्का मारला, नंबर टाकला, अठराशे सत्तेचाळीस, आणि कागद ट्रेमध्ये ठेवताना त्यात माझं नाव दिसलं. आपल्या कार्यालयातील खालील कर्मचाऱ्याविरुद्ध जामीनपात्र वॉरंट निघाले असून त्यास हजर ठेवावे. माझं वॉरंट मी स्वतः आवक करून घेतलं होतं. क्षणभर कागद खिशात घालावा असं मनात आलं, पण एकदा नंबर पडलेला कागद गहाळ करण्याचं पाप मी आयुष्यात केलेलं नाही. आणि एरवी काहीही न वाचणाऱ्या साहेबांनी नेमका तोच कागद वाचला, तोही मोठ्यानं.

त्या संध्याकाळी दैवशालेनं माझी बाजू संपूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "बचत गटाच्या शिबिरात सांगितल्तं. कोर्टाच्या आवारात विधी सेवेचं हापिस हाये. सल्ला फुकट देत्यात. सकाळी जाऊ."

"फुकटच्या सल्ल्यासाठी मी रांगेत उभा राहू? माझी काही प्रतिष्ठा—"

"प्रतिष्ठित व्हते म्हणूनच हे घरात आलं ना!"

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मी तिच्या मागून शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलावर वंदनाताई नावाच्या विधी स्वयंसेविका होत्या. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि फॉर्म पुढं ओढला.

"मोफत वकील कुणाला मिळतो ते बघू. अनुसूचित जाती-जमाती?"

"न्हाई."

"दिव्यांग? आपत्तीग्रस्त?"

आपत्तीग्रस्त हो म्हणावंसं वाटलं, पण त्यांना पूर किंवा भूकंप हवा होता. "वार्षिक उत्पन्न?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "कोठडीत आहात का?"

"अजून न्हाई," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला पातळ वाटला.

"स्त्रियांना मात्र उत्पन्नाची अट नाही," वंदनाताई म्हणाल्या.

"मंग माझ्या नावानं वकील घ्या आन् ह्यांना द्या," दैवशाला म्हणाली.

"तसं नाही होत ताई. तुमची स्वतःची काही तक्रार असेल तर. यांच्याविरुद्ध वगैरे?"

दैवशालेनं नाही म्हणायला जेवढा वेळ घेतला तेवढा घ्यायची काही गरज नव्हती.

"काळजी करू नका," वंदनाताई हसू दाबत मला म्हणाल्या, "वकील सगळ्यांना मिळत नसला तरी सल्ला सगळ्यांना मिळतो. बसा, कुणीतरी येईलच." पाचच मिनिटांत काळ्या कोटातली एक तरुण मुलगी फायलींचा गठ्ठा घेऊन आत आली. ॲडव्होकेट तृप्ती, अशी त्यांच्या कोटावर पट्टी होती. दहा दिवस मनात दाबून ठेवलेलं सगळं मी त्यांच्यासमोर एका दमात ओतलं. बाजार, भजी, जीप, जीपमध्ये आधीच ठेवलेली मोटार, आपण दुकानात पाऊलही टाकलं नव्हतं, काही एक न वाचता चार सह्या. त्या "काका, एक मिनिट," "काका, थांबा," म्हणत होत्या. मी थांबलो नाही. शेवटी त्यांनी माझ्या हातातली वॉरंटची झेरॉक्स ओढून केस नंबर बघितला आणि उठूनच उभ्या राहिल्या.

"काका, आता एक शब्दही बोलू नका. या केसमध्ये आरोपीचा मोफत बचाव आमच्याच लोक अभिरक्षक कार्यालयाकडं आहे. त्याची वकील मीच आहे. तुम्ही सरकारचे साक्षीदार. तुम्हाला सल्ला देणं मला चालणार नाही." आणि त्या फायली घेऊन निघून गेल्या.

साऱ्या जालना जिल्ह्यात ज्या एका माणसापासून हे लपवायचं, नेमकं त्यालाच जाऊन सांगितलं होतं. वंदनाताईंनी दुसऱ्या एका वयस्कर वकिलांना बोलावलं. या वेळी मी आधी त्यांना ते कुणाकुणाचे वकील आहेत ते विचारून घेतलं. त्यांनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज लिहून दिला आणि चष्मा पुसत म्हणाले, "साक्षीदाराला वकील लागत नाही. जे पाहिलं ते सांगायचं. जे नाही पाहिलं ते नाही पाहिलं म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

बाहेर आल्यावर दैवशाला म्हणाली, "हे तर मी बी सांगितलं असतं."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"तुमी बाथरूममधून बाहीर कधी आल्ते?"

अर्ज मंजूर झाला, मॅजिस्ट्रेट मॅडमनी समज देऊन पुढची तारीख दिली. त्या तारखेला मी सकाळी साडेदहालाच कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. दैवशाला झेरॉक्स काढायला गेली होती. बाकावर एक म्हातारी मुसलमान बाई आणि तिचा मुलगा बसले होते. मुलानं सरकून मला जागा दिली. थोड्या वेळानं म्हातारीनं फडकं सोडलं. "खाओ साब, घरकी हय," म्हणून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती. मी खाल्ली.

"कशाची तारीख?" मी सहज विचारलं.

"इसकी. मोटार चोरी की बोलते," म्हातारी म्हणाली. "इमरान नाम हय इसका. वाइंडिंग का काम करता. तीन साल हुए, चोर बोलके गाव में कोई मोटार नै देता इसकु. मंगनी टूट गई. हर तारीख को आते, एक गवाह का नाम पुकारते, वो आताच नै. सुनते कोई भोत बडा साब हय."

तो बडा साब मीच होतो. बडा साब हे ऐकून आत कुठंतरी थोडं बरंही वाटलं, हे कबूल करायला मला लाज वाटते. पण त्याहून मोठी होती ती भीती. मी त्या मुलाच्या हातांकडं बघितलं. बोटांवर तांब्याच्या तारेचे जुने व्रण होते. मी कोण ते कळलं तर हे हात माझं काय करतील, या विचारापेक्षा मी या हातांचं काय केलं होतं, हा विचार जास्त जड होता. मी तिला माझं नाव सांगितलं नाही.

तेवढ्यात कोर्टाच्या कामाचा हवालदार मला बाजूला घेऊन गेला. "साहेब, साक्षीआधी वाचून घ्या. पंच नंबर एक तर वारले."

"कशानं?" मी घाबरून विचारलं.

"शुगरनं. वाचा."

तीन वर्षांनी मी माझ्या सहीचा कागद पहिल्यांदा वाचला. आम्ही पंच पोलिसांसमवेत दुकानात गेलो. आरोपीनं आमच्यासमक्ष कोपऱ्यातल्या पोत्याखालून मोटार काढून दिली. सगळं इतकं व्यवस्थित लिहिलं होतं की क्षणभर मला ते पोतंसुद्धा आठवू लागलं. आणि शेवटच्या पानावर, माझ्या सहीखाली, माझ्याच बारीक अक्षरात तीन शब्द होते: मजकूर तपासला नाही. टपालावर पोच देताना मी एकोणतीस वर्षं हेच लिहितो. आत काय आहे त्याची जबाबदारी आपली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हातानं सवयीनं तिथंही लिहून टाकलं होतं.

हवालदारानं त्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहून ठेवलं हो? विचारलंच तर म्हणा, मागून तपासला. बराबर? उगं लांबवू नका. तुमी सरकारी माणूस, आमी बी सरकारी माणूस." तो धमकावत नव्हता. समजुतीनंच बोलत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. हो म्हटलं की पाच मिनिटांत घरी. माझी मान हलली. हो म्हणून हलली की नुसतीच कापली, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

पुकारा झाला. मी उठलो तशी बाकावरची म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

पिंजऱ्याचं लाकूड मी दोन्ही हातांनी धरलं होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, सही तुमची? होय. पोलिसांनी दुकान दाखवलं? रस्त्यापलीकडून. ते जरा खोकले. "आरोपीनं तुमच्यासमक्ष पोत्याखालून मोटार काढून दिली, बरोबर?"

दाराशी तो हवालदार उभा होता. मला वाटलं होतं की अशा वेळी माणसाच्या अंगात धैर्य येतं. तसं काही आलं नाही. मी भीत भीतच म्हणालो, "न्हाई."

"मोठ्यानं बोला," मॅजिस्ट्रेट मॅडम म्हणाल्या.

"न्हाई मॅडम! मी दुकानात गेलोच न्हाई. मोटार आधीच जीपमध्ये होती. मी तिच्यावर भजी ठेवली होती."

मॅडमनी टायपिस्टकडं बघून सांगितलं, "मी मोटारीवर भजी ठेवली होती." ते रेकॉर्डवर गेलं. जिल्ह्याच्या न्यायालयीन दप्तरात माझ्याविषयी कायमची अशी ही एक नोंद आहे.

सरकारी वकिलांनी लगेच मला फितूर साक्षीदार जाहीर करायची परवानगी मागितली. फितूर! एकोणतीस वर्षं एक टाचणी घरी न नेलेल्या माणसाला. मग ते माझ्यावर वळले. "आरोपीकडून तुम्हाला काही मिळालं म्हणून तुम्ही खोटं सांगताय?"

मला ती भाकरी आठवली. "अर्धी भाकरी मिळाली," मी म्हणालो. "पण त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं हो! बाकावर शेजारी बसलो होतो. बिलकुल माहीत नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. टायपिस्टची बोटं थांबली होती. मग तृप्ती मॅडम उठल्या. त्यांनी ओळख दाखवली नाही. पंचनामा माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाल्या, "सहीखाली काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. "कुणाचं अक्षर?" "माझं." "आणखी प्रश्न नाहीत," असं म्हणून त्या खाली बसल्या.

पुढं महिन्याभरानं निकाल लागला आणि इमरान सुटला. हे मला वंदनाताईंनी फोन करून सांगितलं. पण त्या दिवशी बाहेर पडताना मला काहीच माहीत नव्हतं. हवालदार निघून गेला होता, आणि मला वाटत होतं की आता आयुष्यभर घराजवळ जीप थांबली की मी नळ बंद करणार. दैवशाला जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिच्याबरोबर खाली उतरणार, तोच ती म्हातारी आडवी आली. कमरबी तिचं नाव, हे मला पुढं वंदनाताईंकडून कळलं.

"तुमीच क्या वो?" तिनं विचारलं. "तीन साल से तुमाराच नाम पुकारते थे?"

"हो."

"मैं समझी थी भोत बडा साब हय, टैम नै मिलता." तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "कायको नै आये?"

समन्स बऱ्याच उशिरा निघालं, पत्ता बदलला होता, मला कळलं ते आत्ताच, अशी सगळी उत्तरं माझ्या जिभेवर होती, आणि त्यातली काही खरीही होती. पण तिच्या समोर मला ती देता येईनात.

"भ्यालो होतो, मावशी," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. रागावली नाही. "मेरा बच्चा बी डरताच था," ती म्हणाली. "पर उसकु हर तारीख को आनाच पडता था."

मग मुलाचा हात धरून ती हळूहळू जिना उतरून गेली.